कोणी पाहत नसताना

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात जीवशास्त्र शिकतो. तो म्हणतो, चांगलं-वाईट हे उत्क्रांतीतून आलं; कळपात राहायचं तर एकमेकांना सांभाळावंच लागतं. मग देव कशाला? आमचे शेजारीही देव मानत नाहीत, पण चर्चमधल्या कितीतरी जणांपेक्षा सचोटीने वागतात. त्याला काय सांगू?
– एक आई, जालना

उत्तर : ताई, सप्रेम सलाम. आधी शेजाऱ्यांचं बोलू. देव न मानणारा माणूस सचोटीचा नसतो, असं आपला विश्वास म्हणतच नाही. ज्यांना नियमशास्त्र, म्हणजे मोशेमार्फत दिलेल्या देवाच्या आज्ञा, मिळालं नाही ते परराष्ट्रीयही (यहुदी नसलेले) त्याप्रमाणे वागतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं आहे, असं प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो (2:14-15). तुमचे शेजारी पौलाचेच साक्षीदार झाले.

आता मुलाचं म्हणणं. 1987 साली मी नगरला एका पतसंस्थेत कॅशियर होतो. एका आजींनी अंगठा लावून पैसे नेले. संध्याकाळी कॅश मोजताना शंभर रुपये जास्त निघाले. ते आजींचेच, हे मला तेव्हाच कळलं. त्यांना मोजता येत नव्हतं. मी नोट खिशात घातली. रात्री सगळे झोपल्यावर ती काढून पाहिली. आजींचा अंगठा धरताना माझ्या बोटांना लागलेली स्टॅम्पपॅडची जांभळी शाई नोटेच्या कडेला उमटली होती. कळपाला यातलं काही ठाऊक नव्हतं, कधी होणारही नव्हतं. तरी माझी मान वर होईना.

ही लाज माणसात कशी उपजली, ते उत्क्रांती सांगेल. ती खरी का मानायची, ते सांगणार नाही. इंग्रज धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांनी 1870 साली नेमकं यावर बोट ठेवलं : निर्जीव वस्तूपुढे माणूस लाजत नाही, लाजतो तो कोणापुढे तरी. त्या रात्री खोलीत कोण होतं?

ही गणितासारखी सिद्धता नव्हे, हे मुलाला मोकळेपणाने सांगा. जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही 1788 साली नीतीसाठी ईश्वर मानावा लागतो एवढंच म्हटलं, सिद्ध करता येतो असं नाही.

शिवाय इथवर नियम घालून देणारा भेटतो, ख्रिस्त नाही. दुसऱ्या दिवशी ‘चुकून कमी दिले होते’ म्हणत मी नोट आजींना दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. हिशेब मिटला, पण रात्रभर नोट माझ्या खिशात होती, ते मिटलं नाही. त्याची क्षमा आजी कशी करणार? त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ती मी प्रभू येशूकडे मागितली, आणि मिळाली.