कडा कापायच्या आधी एवढं वाचा

रोमहून आणलेल्या, अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार पिरानेसीच्या 'पोंते सालारिओ'च्या (हा रोमजवळचा पूल) एचिंगबद्दल, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्राबद्दल, तुम्ही विचारलंय. कडा पिवळ्या पडल्यात, एक कोपरा फाटलाय, आणि फ्रेमवाला म्हणतो, चारी बाजूंनी बोटभर कापून हार्डबोर्डवर चिकटवू, ताठ बसेल. वाचून पोटात गोळाच आला. माझ्याकडे याच पुलाचं चित्र आहे, माझा फ्रेमवाला हेच म्हणाला होता, आणि मी शहाण्यासारखा 'चालेल' म्हणालो होतो.

भिंगातून ठिपके दिसत नाहीत म्हणताय, तेव्हा साधं छापील पोस्टर बहुधा नसावं. पण खरा घोळ पुढेच आहे. पिरानेसी 1778 साली गेला, त्याचे तांब्याचे पत्रे मागे राहिले. मुलांनी ते पॅरिसला नेले, तिथे छापले. 1830 च्या दशकाअखेरीस ते रोमला परत आले आणि सरकारी छापखान्यात त्यांवरून पुढेही प्रती निघत राहिल्या. म्हणजे त्याच्या हयातीतली प्रत आणि शंभर वर्षांनंतरची प्रत एकाच पत्र्यावरची. खोटी कुठलीच नाही, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

तो ओळखायचा कसा? कागदातल्या वॉटरमार्कवरून (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण), वरच्या उजव्या कोपऱ्यात नंतर कोरलेला क्रमांक आहे का त्यावरून, चित्राखालच्या मजकुरावरून (काही जुन्या प्रतींवर किंमतसुद्धा असते, अडीच पाओली, हे तेव्हाचं रोमचं नाणं), आणि कोऱ्या कडेवरच्या बिनशाईच्या दाबशिक्क्यावरून. थोडक्यात, चित्र सोडून बाकी सगळीकडे पुरावा. फ्रेमवाल्याला तीच 'घाण' वाटते.

मी फ्रेम आणायला गेलो तेव्हा कापलेल्या पट्ट्या काउंटरवरच पडल्या होत्या आणि एकीवर चहाचा ग्लास. सहज हात फिरवला तर बोटाला काहीतरी गोल, उठावदार लागलं. मला वाटलं, ग्लासाची खूण. त्यानंच ती चुरगळून टोपलीत टाकली. दाबशिक्का म्हणजे काय हे मला चार वर्षांनी कळलं! तो सरकारी छापखान्याचा असेल तर माझी प्रत उशिराची, म्हणजे नुकसान तसं थोडकंच. पण आता ते खात्रीने कळणं अवघड, कारण वॉटरमार्क बघायला कागद उजेडासमोर धरावा लागतो, आणि माझ्या कागदामागे हार्डबोर्ड आहे. गव्हाच्या खळीने चिकटवलं असतं तर ओल देऊन सोडवता आलं असतं. त्यानं लावला होता सिंथेटिक गोंद.

मी काही संवर्धनतज्ज्ञ नाही, पण माझं मत विचाराल तर त्या दुकानात पुन्हा जाऊच नका. कागद दुरुस्त करणारा जाणकार गाठा. आम्लरहित बोर्ड, वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोनच बिजागऱ्या (चित्र टांगून धरणाऱ्या लहान पट्ट्या), समोर खिडकी कापलेला माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे काच कागदाला टेकत नाही. मुंबई-ठाण्याकडे असाल तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, महिन्याभरात बुरशी येते. फाटलेला कोपरा तसाच राहू दे, सेलोटेप तर अजिबात नको.

जाता जाता एक, पुढे परदेशातून कुरियरने काही मागवलंत तर. बिलावर नुसतं 'प्रिंट' लिहिलेलं असलं की आपल्याकडचे कस्टमचे साहेब ते कॅलेंडराच्या रांगेत बसवतात. माझ्या दुसऱ्या चित्रासाठी एका कार्यालयात तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी खिडकी वेगळी आणि उत्तर एकच, 'सर आज नाहीत'. कस्टमच्या यादीत मूळ एचिंगचं शीर्षक (वर्गाचा क्रमांक) 9702, छापील चित्रांचं 4911. विकणाऱ्याकडून बिलावर स्पष्ट लिहून घ्या. कस्टम शुल्काच्या दराचं मात्र त्या वेळी विचारूनच घ्या, ते बदलत असतात.

आणि या चित्रातला बुरूज नीट बघून घ्या. इटली एक करायला लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या लोकांना अडवायला पोपच्या सैन्याने 1867 साली तो पूल उडवला. आज आनिएने नदीवर जो उभा आहे तो नंतर बांधलेला, त्यावर बुरूज नाही.

फ्रेमवाल्याकडून कागद परत आणलात की खिडकीच्या उजेडासमोर धरून मागच्या बाजूचा एक फोटो टाका. कडांसकट.