सोलापुरात राहून ग्राफिक डिझाइन, अध्यापन आणि डिझाइनच्या इतिहासाचे लेखन अशी कारकीर्द करता येते का?

करता येते, मात्र घर चालते ते यांपैकी पहिल्या कामावर. मी सोलापुरात चादरी-टॉवेलांची लेबले, शेंगाचटणीची पाकिटे आणि लग्नपत्रिका करतो, एका संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवतो (मानधन बहुधा परीक्षा उलटून गेल्यावरच हाती पडते) आणि उरलेल्या वेळात लिहितो.

इतिहासाकडे मी ग्रंथालयाच्या वाटेने गेलो नाही. शहराच्या पूर्व भागातील, म्हणजे तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीतील, एका कारखानदाराने कडा झिजलेले जुने लेबल पुढे ठेवून "हेच पुन्हा करून द्या" असे सांगितले. त्यावर नाव मराठीत आणि तेलुगूत होते. संगणकावर दोन्ही ओळी एकाच मापात बसवल्या, तर शिरोरेषेमुळे मराठी ओळ जड आणि गोलाकार तेलुगू ओळ फिकी दिसू लागली. जुन्या चित्रकाराने मात्र देवनागरीची शिरोरेषा मुद्दाम बारीक काढून तोल साधला होता. ही समज त्याला कोठून आली असावी, याचा शोध घेता घेता माझा पहिला लेख झाला.

वर्गातही मी येथूनच सुरुवात करतो. चादरीवरचा मोर आधी ग्राफ कागदावर चौकटी भरून काढतात, मग त्याबरहुकूम जकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डे पंच होतात आणि साधारणपणे एका कार्डावर बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडतो; म्हणून मोराची मान जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. संगणकाच्या पडद्यावरचे अक्षरही ठिपक्यांनीच बनते, हे एवढ्यावरून विद्यार्थ्यांना उमगते. त्यानंतर १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेला निर्णयसागर छापखाना आणि जोडाक्षरांसाठी लागणारे शेकडो खिळे (छपाईचे धातूचे सुटे टाइप) यांविषयी ते कंटाळा न करता ऐकतात.

फिलिप मेग्ज यांचा ग्राफिक डिझाइनच्या इतिहासावरील १९८३चा ग्रंथ अवश्य वाचावा, परंतु त्याचा मुख्य भर युरोप-अमेरिकेवर आहे. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण र. कृ. जोशी यांचे: जाहिरात क्षेत्रातून ते मुंबईच्या आयआयटीत अध्यापनाकडे आले, आणि विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी फाँटही त्यांनीच घडवला.

पदवी उपयोजित कलेची (अप्लाइड आर्टची) घ्यावी. जुने लेबल हाती आले की ते स्वच्छ करण्यापूर्वी जसेच्या तसे स्कॅन करावे आणि कोपऱ्यातले छापखान्याचे बारीक नाव वहीत उतरवून ठेवावे. ग्राहकाला नवे लेबल देताना नेमके तेच पहिल्यांदा कापले जाते.