पडताळणी बाकी असलेल्या सदस्याला लॉगिन द्यावे की नाही?

धुळ्याच्या शेती-अवजारांच्या संकेतस्थळासाठी आपण विचारले आहे की, ज्याने नोंदणी केली पण ईमेलमधील लिंक अजून उघडलेली नाही, त्याला लॉगिनच नाकारावे की आत घ्यावे. आत घ्यावे, मात्र मोजक्याच कामांसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांसाठी मी जँगो या संकेतस्थळे बनवण्याच्या तयार चौकटीत संकेतस्थळ केले, तेव्हा आपल्यासारखेच नव्या खात्याचे चालू-बंद ठरवणारे ‘इज-अ‍ॅक्टिव्ह’ बंद ठेवून लिंक उघडल्यावर ते चालू करत होतो. ऐन कापणीत एक आप्पा जळगावला माझ्याकडे मोबाइल घेऊन आले. पासवर्ड त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला होता आणि तो बरोबर होता, तरी पडद्यावर नाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचाच संदेश येत होता. नोंदणी करताना ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधील एक अक्षर गळाले होते, त्यामुळे लिंक त्यांना कधी मिळालीच नव्हती. जँगो निष्क्रिय खात्याला चुकीच्या पासवर्डचाच संदेश दाखवतो आणि पासवर्ड बदलण्याचे ईमेलही पाठवत नाही. पत्ता दुरुस्त करायला लॉगिन हवे आणि लॉगिनला तोच पत्ता हवा, अशा कोंडीत मी त्या माणसाला अडकवले होते.

म्हणून पडताळणीची तारीख-वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा आणि ‘इज-अ‍ॅक्टिव्ह’ फक्त गैरवापरामुळे बंद केलेल्या खात्यांसाठी राखून ठेवा. पडताळणी बाकी असलेल्या सदस्याला लॉगिननंतर त्याने दिलेला पत्ता ठळक दिसावा, तो तिथेच बदलता यावा आणि लिंक पुन्हा मागवता यावी. पत्ता बदलताच जुनी लिंक रद्द व्हावी. भाव पाहणे खुले ठेवा. जाहिरात टाकणे, दुसऱ्याचा फोन नंबर पाहणे आणि संदेश पाठवणे बंद ठेवा. ही अडवणूक प्रत्येक कामाच्या ठिकाणी सर्व्हरवर तपासली गेली पाहिजे. नुसते बटण लपवून भागत नाही. लारावेल या तशाच दुसऱ्या चौकटीत यासाठी ‘व्हेरिफाइड’ हे मिडलवेअर (काम सुरू होण्याआधी चालणारी तपासणी) तयार मिळते, जँगोमध्ये तसा डेकोरेटर (फंक्शनवर लावायची तपासणी) आपणच लिहावा लागतो.

आत घेण्यात एक खरा धोका आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. एखादा माणूस दुसऱ्याच्या ईमेलवर खाते उघडून स्वतःचा पासवर्ड ठेवतो आणि लॉगिन करून वाट पाहतो. पुढे खरा मालक गूगलद्वारे किंवा पासवर्ड बदलून त्याच खात्यात येतो, आणि आधीचा माणूस आतच राहतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या 75 सेवांपैकी किमान 35 सेवांमध्ये या जातीच्या त्रुटी आढळल्या होत्या. त्यामुळे पडताळणी होताच त्या खात्याची आधीची सर्व सत्रे (चालू असलेली लॉगिन) बंद करा, आणि मालक गूगलद्वारे आला असेल तर जुना पासवर्डही रद्द करा. काही दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते खाते काढून टाका, म्हणजे तो पत्ता खऱ्या मालकाला मोकळा होतो.

लिंकमधील टोकन (पडताळणीचा गुप्त संकेत) यादृच्छिक, एकदाच चालणारे आणि 24 तासांत संपणारे असावे, आणि डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असे रूप) ठेवावा. काही ईमेल सेवा तपासणीसाठी लिंक स्वतःच उघडून पाहतात. म्हणून लिंक उघडताच पडताळणी पूर्ण करू नका, त्या पानावर पासवर्ड विचारून बटण दाबायला लावा. आपल्याकडील बहुतेक शेतकरी ईमेल क्वचितच उघडतात, तेव्हा मोबाइलवर ओटीपीची सोय दिलीत तर उत्तमच. त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या यंत्रणेवर मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सहा अंकी ओटीपीला 10 लाखच शक्यता असल्याने चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालावीच लागेल.

हा बदल चालू करण्यापूर्वी जुनी निष्क्रिय खाती सरसकट उघडू नका, कारण त्यांत आपण मुद्दाम बंद केलेलीही असतील. ज्यांचे ‘लास्ट-लॉगिन’ (शेवटच्या लॉगिनची वेळ) रिकामे आहे ती बहुधा पडताळणीत अडकलेली असतात. ती यादी वेगळी काढून एकदा डोळ्यांखालून घाला आणि मगच उघडा.