‘काही होत नाही’ म्हटल्यावर ते गप्प का होतात?

“बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. तोवर यांच्याशी कसं वागू, एवढंच सांगा मॅडम.”

जोडीदाराच्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय, अशा अवस्थेत जी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, त्यांचा प्रश्न बहुधा हाच असतो. आजाराबद्दल विचारायला डॉक्टर असतात. रात्री जेवायला बसल्यावर काय बोलायचं, हे विचारायला कुणी नसतं.

एका जोडप्याची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर, बायको पतसंस्थेत कारकून, मुलगी चौथीत. नवऱ्याच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतली नाही. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली, रात्री बनियन भिजून अंथरूण ओलं होईल इतका घाम यायला लागला, पँट सैल झाली. सुईने नमुना घेऊन केलेल्या तपासणीतून धड काही कळलं नाही, तेव्हा सर्जननी अख्खी गाठ काढून पाठवली. डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या: टीबी, नाहीतर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींमधल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे मानेच्या गाठी टीबीच्याही पुष्कळ असतात आणि ताप, घाम, वजन उतरणं हे दोन्हींत दिसतं. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही.

पहिल्यांदा बाई एकट्याच आल्या. “त्यांच्यासमोर मी एकदाही रडले नाहीये,” हे त्यांनी बक्षीस दाखवावं तसं सांगितलं. रोज त्या नवऱ्याला म्हणायच्या, “काही होत नाही, टीबीच असणार. सहा महिने गोळ्या घेतल्या की झालं.” आणि नवरा दिवसेंदिवस गप्प होत चाललेला. मी एवढा धीर देते तरी असं का, ही त्यांची तक्रार होती.

पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावलं. नवऱ्याचं उत्तर सरळ होतं. “मी विषय काढला की ही म्हणते काही होत नाही. मग पुढं काय बोलायचं? मला विचारायचं होतं, मी दोन-चार महिने घरी बसलो तर घराचा हप्ता हिच्या पगारातून निघेल का. ते विचारलं तर म्हणणार, असं अभद्र बोलू नका.”

बाईंनी मान खाली घातली. अगदी हेच त्या म्हणाल्या असत्या.

माझं मत थोडं कडू वाटेल. आपण धीर देतो तेव्हा बरेचदा स्वतःचीच भीती दाबत असतो. समोरच्याने भीतीचा शब्द काढला की आपला बांध फुटेल असं वाटतं, म्हणून आधीच त्याचं तोंड बंद करतो. यात प्रेम नाही असं मुळीच नाही. पण त्या माणसाला तेवढ्यापुरतं एकटं पडायला होतं, आणि वर आपलं हसरं तोंड बघून स्वतःही हसरं राहावं लागतं.

मी बाईंना एवढंच सुचवलं, की ‘काही होत नाही’ याऐवजी ‘मलाही भीती वाटतेय, तुम्हाला कशाची वाटतेय?’ असं विचारून बघा. उत्तर आलं की उपाय सांगायची घाई करू नका. त्यांना रडण्याची धास्ती होती: मी रडले तर ते खचतील. त्या घरी गेल्या, बोलल्या आणि रडल्याच. नवऱ्याने उठून चहा केला. खचायचं राहूनच गेलं.

मुलगी झोपल्यावर अर्धा तास या विषयावर बोलायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं. एरवी शाळा, ड्यूटी, भाजी. काही रात्री तो म्हणायचा, आज नको. तर नको. डॉक्टरांची हरकत नसल्याने तो कामावर जात राहिला. सासूबाईंना हे पटत नव्हतं, पण लेथसमोर उभं असताना त्याला गाठीची आठवण येत नसे, मग घरी पडून राहून काय साधणार होतं?

हप्त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर हवं होतं, म्हणून हिशेबाची वहीच काढली. कंपनीत ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागू आहे का, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कुठली कागदपत्रं लागतील, ही चौकशी त्याने स्वतःकडे घेतली. गाठ साधी निघाली तर कागद फाईलमध्ये पडून राहतील, नुकसान काय?

नातेवाइकांचं काय करायचं, हा वेगळाच अध्याय. गाठ काढण्याआधी मेडिकल चालवणाऱ्या एका भावाने ‘सूज उतरायच्या’ म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. नशिबाने बाईंनी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी त्या थांबवल्या. लिम्फोमा असेल तर स्टिरॉइडने गाठ तात्पुरती बसते आणि बायोप्सीत निदान धूसर होऊ शकतं. फोन करणाऱ्या सगळ्यांना नवऱ्याच्या धाकट्या भावानेच उत्तर द्यायचं ठरलं.

रिपोर्ट लांबला तेव्हा बाईंचा फोन आला. “मार्कर लावलेत म्हणे, म्हणजे आणखी चाचण्या. लपवतायत का काही?” लपवत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी एकमेकींसारख्या दिसू शकतात. लिम्फोमाचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा, म्हणून पेशींवरची प्रथिनं ओळखणाऱ्या आणखी चाचण्या कराव्या लागतात आणि त्यांना दिवस जातात. शंका आहे एवढं त्यावरून कळतं. हे मी त्यांना आहे तसं सांगितलं. उगाच ‘उशीर म्हणजे चांगलंच’ म्हटलं असतं तर मीही तेच केलं असतं जे त्यांना करू नका म्हणत होते.

मुलीला काय सांगायचं यावर आई-बापाचा वाद झाला. शेवटी सांगितलं: बाबांच्या मानेत गाठ होती, ती काढून तपासायला दिलीय, काय ते कळलं की तुलाही सांगू, ते कुणाला लागत नाही. मुलीने विचारलं, मग बाबा मला शाळेत सोडायला येतील ना? येणार होते.

झोप पार उडाली, जेवण तुटलं किंवा ‘जगून काय करायचं’ असं कुणी बोलायला लागलं तर मात्र रिपोर्टची वाट बघत थांबू नये. डॉक्टरांना सांगावं; सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येतं. हे आजाऱ्याइतकंच त्याच्या जोडीदारालाही लागू आहे.

रिपोर्टमध्ये हॉजकिन लिम्फोमा निघाला. लिम्फोमांमधला हा चांगला प्रतिसाद देणारा प्रकार, बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग आजार शरीरात कुठवर आहे ते बघायला पेट स्कॅन, केमोची तारीख. तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं, की पुढे मूल हवं असेल तर केमोआधी शुक्राणू गोठवून ठेवायचे का? याचा विचार दोघांनीही केला नव्हता. माझ्याकडे आले तेव्हा त्याचं म्हणणं, खर्च कशाला, एक मुलगी आहे की. तिचं म्हणणं, तुम्ही माझ्या मनातलं परस्पर ठरवू नका. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेले असतील. मी मध्ये पडले नाही.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला: ठेवायचं ठरलं. केमो ठरल्या तारखेला सुरू झाली.