'आणखी एकदाच' म्हणण्याआधी

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. "ऐनवेळी डोकं चालेनासं झालं" हे तू फार शरमून लिहिलं आहेस. शरम नको. जीव टांगणीला लागलेला असताना नवं काही सुचणं जवळजवळ कुणालाच जमत नाही. आधी ठरलेलं असतं, तेच हातून घडतं.

मी भूलतज्ज्ञ म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. रुग्णाला भूल दिलेली, आणि श्वासनलिकेत नळी जाईना. रक्तातला ऑक्सिजन घटतो तसा पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली येतो. तो येत होता, माझ्या कानांवर पडतही होता, आणि मी 'आणखी एकदाच' म्हणत पुन्हा वाकत होतो. शेवटी सिस्टरनी माझं कोपर धरलं. "डॉक्टर, चार वेळा झालं." तेव्हा कुठे मी नळी बाजूला ठेवून मास्कने श्वास द्यायला लागलो. रुग्ण वाचला. पण मोजत त्या होत्या, मी नव्हे. ते आजही टोचतं.

ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या, म्हणजे अवघड श्वासमार्गावर काम करणाऱ्या संस्थेच्या, 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हा आकडाच घालून दिला आहे: तीन प्रयत्न, फार तर चौथा, तोही जास्त अनुभवी हातांनी. मग जमलं नाही हे मोठ्याने सांगायचं आणि पुढच्या पायरीवर जायचं.

20 जुलै 1969 ला अपोलो 11 चंद्रावर उतरत असताना यानाच्या संगणकाने 1202 हा इशारा दिला, म्हणजे त्याच्यावर कामाचा भार जास्त झाला होता. नियंत्रण कक्षात स्टीव्ह बेल्स होता, 26 वर्षांचा. त्याला सल्ला देणारा जॅक गार्मन 24 चा. उतरणं चालू ठेवा, असं त्यांनी काही सेकंदांत सांगितलं. लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करतात, मला त्यामागच्या कागदाचं वाटतं. आधीच्या एका सरावात अशाच इशाऱ्यावर बेल्सने उतरणं विनाकारण रद्द करायला लावलं होतं. त्यानंतर गार्मनने कुठल्या इशाऱ्यावर काय करायचं याची यादी हाताने लिहून जवळ ठेवली होती.

तूही तसंच कर. कुठल्या खुणेला थांबायचं, थांबल्यावर पहिलं काम कुठलं, हाक कुणाला मारायची, एवढंच लिही. काम सुरू होण्याआधी ते सोबतच्यांना वाचून दाखव आणि मोजायला त्यांच्यातल्याच एकाला सांग. आपण कामात गुंतलो की आपलं मोजणं चुकतंच. हाक मारायला संकोच वाटेल, तरी मार. रात्री-अपरात्री मलाही फोन कर.

पुढच्या ड्यूटीआधी त्या तीन ओळी मला पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.

तुझा,
सर