“माझ्याही गाठीचा कॅन्सर होईल का?”

मागच्या पावसाळ्यात 43 वर्षांच्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सोनोग्राफीचे चार रिपोर्ट तारखेवार लावलेले. गर्भाशयात फायब्रॉइडची, म्हणजे कॅन्सर नसलेली स्नायूंची गाठ, तीन वर्षांत फारशी वाढलेली नाही. पण त्यांच्या थोरल्या जाऊबाईंची अशीच ‘साधी गाठ’ दुर्बिणीतून काढली आणि तपासणीत निघाला लायोमायोसार्कोमा, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंचा कॅन्सर. तेव्हापासून यांची झोप उडालेली. घरचे म्हणत, “मुलं झाली, आता पिशवी ठेवून करायचंय काय? काढून टाक.”

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. फायब्रॉइडचा कॅन्सर सहसा होत नाही. लायोमायोसार्कोमा हा बहुधा मुळातच वेगळा उपजलेला कॅन्सर असतो. घोळ एवढाच की सोनोग्राफीत दोन्ही सारखे दिसू शकतात. एमआरआयने संशय वाढतो किंवा कमी होतो, खात्री मात्र काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2014 साली अंदाज दिला होता: फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे 350 बायकांमागे एकीला गर्भाशयाचा सार्कोमा (लायोमायोसार्कोमा हा त्याचाच एक प्रकार). हा आकडा ऑपरेशनपर्यंत गेलेल्यांचा, गाठ घेऊन निवांत वावरणाऱ्या सगळ्यांचा नव्हे. मॉर्सेलेटर यंत्राने पोटातच गाठीचे तुकडे केले तर लपलेला कॅन्सर पसरू शकतो, हा इशाराही तेव्हाचाच.

“म्हणजे 349 जणी ठीक,” त्या म्हणाल्या. मग थांबून, “पण आमच्या जाऊबाई त्या एकच निघाल्या ना.”

यावर मी काय बोलणार? पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग त्यांनीच पाकिटाच्या पाठीवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. एमआरआय करायचा का? पाळी गेल्यावर गाठ वाढली किंवा रक्त गेलं तर? (तेव्हा मात्र अंगावर काढायचं नाही, हे मी बजावलं.) गाठ काढायची ठरली तर अखंड काढणार की तुकडे करून? तुकडे केले तर ते पसरू नयेत म्हणून बंद पिशवीत करणार का? रिपोर्ट कधी?

महिन्याने परत आल्या. एमआरआयमध्ये संशयास्पद काही नव्हतं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलं होतं. चेहरा तरी उतरलेलाच.

“गुरुवारी जाऊबाईंच्या केमोला सोबत जायचंय. माझं साधं निघालं, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?”

पुढची दोन सत्रं आम्ही त्यावरच बोललो.