मोबाईलवर सीबीआर फाईल उघडत नाही, कॉमिक वाचायचं कसं?

परफेक्ट व्ह्यूअरसारखं कॉमिक वाचायचं अ‍ॅप टाका, फाईल सरळ उघडेल. सीबीआर म्हणजे पानांच्या चित्रांचं आरएआर (झिपसारखाच फायली एकत्र बांधायचा प्रकार) गाठोडं, बाकी काही नाही. सीबीझेड असेल तर तेच झिपमध्ये. घरची जुनी कॉमिक्स स्कॅन करून मी अशाच फायली बांधतो, म्हणून खात्रीने सांगतोय. पानं १, १०, ११, मग २ अशी उलटसुलट आली तर फाईल बिघडलेली नाही, चित्रांची नावं ००१, ००२ अशी करून पुन्हा झिप करा. फक्त उभ्या फोनवर फुग्यांतली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. फोन आडवा धरून अर्धं-अर्धं पान सरकवत वाचा. दोन पानी मोठ्या चित्राची मजा मात्र टॅबवरच.